दिवा विझला, दोष कुठे?

कोकणातला पावसाळा तुम्हाला नव्याने सांगायला नको. मृग लागला की वारा सुटतो. फणसाची एखादी फांदी तारेवर पडते आणि वाडीतली वीज जाते. कधी ती तासाभराने येते, कधी दुसऱ्या दिवशी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दापोली आणि मंडणगड या तालुक्यांना त्याचा मोठा तडाखा बसला. खांब मोडले, तारा लोळल्या, गावेच्या गावे कितीतरी दिवस अंधारात राहिली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. त्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. माणसे माळ्यावर आणि गच्चीवर जाऊन बसली. वीज नाही, आणि हातातले मोबाइल एकेक करून बंद पडत चाललेले.

अंधार म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. आपल्या जिल्ह्यात फुरशी पुष्कळ. गडग्याच्या चिऱ्यांत, पाचोळ्यात, पाखाडीच्या पायरीखाली ती असतात. रात्री गोठ्यात जायचे तर पायापुढे उजेड हवा. कुणाला चावलेच, तर १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवायची. त्यासाठी मोबाइलमध्ये जीव हवा.

म्हणून हल्ली पुष्कळ घरांत एक छोटी पेटी असते. वीज असताना ती भरून ठेवायची. वीज गेली की तिच्यावर दिवा लावायचा, मोबाइल भरायचा. कुणी ती बाजारातून तयार आणतात. कुणाचा मुलगा आयटीआयमध्ये शिकतो, तो शेवयांच्या रिकाम्या डब्यात सुटे भाग बसवून देतो. पेटी चालते तोवर कुणी तिच्याकडे बघत नाही. नेमक्या वादळाच्या रात्री ती दगा देते. मग डबा हलवून बघतात, वर टपली मारतात, तारा उपटून भलतीकडे जोडतात. त्यातून पेटी सुधारत नाही. कधी कधी आग मात्र लागते.

पेटीतला दोष शोधणे अवघड नाही. तुम्हाला आता अंक वाचता येतात, अधिक आणि वजा या खुणा ओळखता येतात. एवढ्या शिकवणीवर हे काम होते. फक्त ते क्रमाने केले पाहिजे.

पेटी उघडली की आत तीन वस्तू दिसतील. पहिली म्हणजे सेल. तो बोटाएवढा गोल असतो. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. म्हणूनच त्याला १८६५० असे नाव पडले आहे. काही पेट्यांत चपटा, पाकिटासारखा सेल असतो. हे सेल लिथियम नावाच्या हलक्या धातूच्या क्षारांपासून करतात. असे सेल १९९१ साली जपानमध्ये प्रथम विक्रीला आले. ज्या तिघा शास्त्रज्ञांनी त्याचा पाया घातला, त्यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या मोबाइलमध्येही हाच प्रकार आहे.

दुसरी वस्तू म्हणजे चार्जरची पट्टी. टपालाच्या तिकिटाएवढी असते. तिच्यावर आठ पायांचा एक काळा तुकडा बसवलेला असतो. बहुतेक पट्ट्यांवर तो टी. पी. ४०५६ या नावाचा असतो. मोबाइलच्या चार्जरची पिन या पट्टीत जाते. दुसऱ्या कडेला चार ठिपके असतात. मधले दोन सेलचे, कडेचे दोन बाहेर वीज नेणारे. प्रत्येकाजवळ अधिक किंवा वजा अशी खूण असते.

तिसरी वस्तू म्हणजे दाब चढवणारी पट्टी. दुकानदार तिला बूस्टर म्हणतात. तिच्यावर तारेचे वेटोळे असलेला एक गोल किंवा चौकोनी ठोकळा असतो, आणि पितळी स्क्रू असलेली एक निळी डबी असते.

आता दाब म्हणजे काय, हे समजून घ्या. त्यावाचून पुढचे कळणार नाही.

चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेचे वीजघर आहे. घाटमाथ्यापलीकडचे पाणी डोंगरातून बोगदा खणून इकडे आणले आहे. ते साडेचारशे मीटरपेक्षा जास्त उंचीवरून खाली येते आणि चाके फिरवते. पाणी किती आहे ही एक गोष्ट, आणि ते किती उंचीवरून पडते ही दुसरी. विजेचेही तसेच. उंचीच्या जागी दाब असतो, तो व्होल्टमध्ये मोजतात. धारेच्या जागी प्रवाह असतो, तो अँपिअरमध्ये मोजतात. दोघांचा गुणाकार केला की ताकद कळते. ती वॅटमध्ये सांगतात.

सेलचा दाब पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो. वापरता वापरता तो ३.७ वर येतो. ३ च्या जवळ आला की सेल रिकामा झाला असे समजावे. पण मोबाइलला भरण्यासाठी ५ व्होल्ट लागतात. काही दिव्यांच्या पट्ट्यांना १२ लागतात. म्हणजे दाब चढवला पाहिजे. ते काम बूस्टर करतो.

कसे करतो? बैलगाडी भरधाव चालली आहे आणि गाडीवानाने एकदम बैल आवरले, तर मागे बसलेली माणसे पुढे फेकली जातात. वेटोळ्यातून जाणारा प्रवाहही असाच एकदम थांबायला तयार नसतो. थांबवला की तो जोराने पुढे ढकलतो, आणि दाब वाढतो. बूस्टरमधला काळा तुकडा हे थांबवणे नि सोडणे एका सेकंदात लाखो वेळा करतो. नेहमी मिळणाऱ्या एम. टी. ३६०८ जातीच्या पट्टीत ते सेकंदाला सुमारे १२ लाख वेळा होते.

पण फुकट काही मिळत नाही. दाब चढवला की आत जास्त प्रवाह घ्यावा लागतो. मोबाइलला ५ व्होल्टने १ अँपिअर द्यायचा, म्हणजे ५ वॅट. बूस्टरमध्ये दहातला एक भाग तरी उष्णतेत जातो. म्हणून सेलमधून साडेपाच वॅट घ्यावे लागतात. त्याला ३.७ ने भागा. दीड अँपिअर येतात. बाहेर एक, आत दीड. हा हिशेब ध्यानात ठेवा. पुढे त्याच्यावाचून अडेल.

हत्यार एकच लागते, मीटर. दोन-तीनशे रुपयांपासून मिळते. एकट्याला महाग वाटले तर वाडीत दोन-चार घरांनी मिळून घ्यावे. काटा गोल फिरवून व्ही अक्षराच्या शेजारी सरळ रेघ असते, त्या बाजूच्या २० या आकड्यावर आणायचा. काळी तार खालच्या, सगळ्यांसाठी असलेल्या भोकात, लाल तार व्ही लिहिलेल्या भोकात. १० ए लिहिलेले भोक प्रवाह मोजायचे आहे. लाल तार त्यात ठेवून दाब मोजू नका. सेलची दोन टोके सरळ एकमेकांना जोडल्यासारखी होतात आणि ठिणगी उडते.

घरच्या २३० व्होल्टच्या चार्जरचे पोट मात्र उघडू नका. तो वाटला तर बदला. आपले काम त्याच्या पुढे, पाच व्होल्टपासून सुरू होते.

चला, आता वाटेने जाऊ. विहिरीपासून शेतापर्यंत पाटाचे पाणी कुठे अडले, हे पाहायला आपण पाटाच्या कडेकडेने चालत जातो. मधूनच उडी मारत नाही. तसेच करायचे.

चार्जर लावला की पट्टीवर तांबडा ठिपका पेटला पाहिजे. सेल भरत आहे, असा त्याचा अर्थ. भरला की तो विझतो आणि निळा किंवा हिरवा लागतो. कोणताच ठिपका नाही, तर वीज पट्टीपर्यंत पोचलेली नाही. आधी केबल बदलून बघा. दहातल्या पाच पेट्या इथेच बऱ्या होतात, असा माझा अनुभव. अलीकडे दोन्ही टोके सारखी असलेल्या केबली आल्या आहेत, त्यांना टाइप सी म्हणतात. काही स्वस्त पट्ट्यांवर अशा केबलसाठी लागणारे दोन बारीक अवरोधक बसवलेलेच नसतात. मग दोन्हीकडे सी असलेली केबल लावली तर चार्जर वीजच सोडत नाही. एका टोकाला जुनी रुंद चपटी पिन असलेली केबल लावली की तीच पट्टी चालू लागते. पट्टी बिघडली म्हणून फेकून देऊ नये.

निळा लागला आहे आणि तांबडा लुकलुकतो आहे, असे दिसले तर काय? पट्टीला सेल सापडत नाही. सेलची तार सुटली असेल, नाहीतर सेलच्या घरातली स्प्रिंग गंजली असेल.

तांबडा तासन् तास तसाच, निळा होतच नाही, ही तक्रारही पुष्कळ येते. एका अँपिअरने भरणारी पट्टी अडीच हजार मिलिअँपिअर-तासांचा सेल तीन-साडेतीन तासांत भरते. प्रवाह दहाव्या हिश्श्यावर आला की ती भरणे थांबवते. पण भरता भरता तुम्ही दिवाही चालू ठेवलात, तर दिवा प्रवाह ओढत राहतो. पट्टीला वाटते, सेल अजून पितोच आहे. कळशी भरताना खालची तोटी उघडी ठेवल्यासारखे ते आहे. दिवा बंद करून भरा. तरीही पाच-सहा तासांत निळा लागला नाही, तर सेल म्हातारा झाला.

भरताना पट्टी हाताला चांगली गरम लागते. घाबरू नका. ५ मधले ३.७ सेलला जातात, उरलेले १.३ व्होल्ट तिथल्या तिथे उष्णता होतात. फार तापली तर ती आपणहून प्रवाह कमी करते. मात्र तिला ८ व्होल्टपेक्षा जास्त दाब सोसत नाही. छपरावरचे १२ व्होल्टचे सोलर पॅनेल तिला सरळ जोडले, की ती मेलीच. पाच-सहा व्होल्टचे लहान पॅनेल चालते.

आता मीटर लावा. मधल्या दोन ठिपक्यांवर सेलचा दाब बघा. समजा ३.७ आहे. मग कडेच्या दोन ठिपक्यांवर बघा. तिथेही ३.७ च्या जवळ हवे. आणि तिथे शून्य आले तर?

इथे मी जरा थांबणार आहे. कारण सगळ्यात मोठी चूक माणसे इथेच करतात.

या पट्टीवर चार्जरच्या तुकड्याशिवाय आणखी दोन लहान काळे तुकडे असतात. ते सेलचे राखणदार. आपल्याकडे वाडीला राखणदार असतो म्हणतात. हा तसाच, पण डोळ्यांना दिसणारा. सेलचा दाब अडीच व्होल्टच्या आसपास उतरला, की तो बाहेरची वाट बंद करतो. प्रवाह साधारण तीन अँपिअरच्या पुढे गेला, तरी बंद करतो. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत बंद करतो. वाट तो वजाच्या बाजूने तोडतो. म्हणून मधल्या ठिपक्यांवर दाब दिसतो आणि कडेच्या ठिपक्यांवर दिसत नाही.

मग कुणीतरी हुशारी करतो. कडेच्या वजा ठिपक्यावरची तार काढतो आणि मधल्या, सेलच्या वजा ठिपक्यावर लावतो. दिवा भक्कन लागतो! सगळे वाहवा करतात. पण झाले काय? राखणदाराला बाजूला सारून चोरवाट काढली. आता सेल तळापर्यंत रिकामा झाला तरी थांबवणारा कुणी नाही. तारा चिकटल्या तरी थांबवणारा नाही. तार लाल होईल, प्लॅस्टिक वितळेल, सेल फुटेल. तेव्हा घरातली माणसे झोपलेली असतील. असे काम करणाऱ्याला मी तरी कारागीर म्हणणार नाही.

राखणदाराने वाट बंद केली, तर आधी सरळ उपाय करा. बाहेरच्या सगळ्या तारा मोकळ्या करा, आणि चार्जर दोन मिनिटे लावा. राखणदार वाट पुन्हा उघडतो. नवा सेल बसवल्यावरही पुष्कळदा असेच करावे लागते. पट्टी जणू झोपलेली असते, तिला चार्जरने जागे करायचे. त्यानंतर पुन्हा वाट बंद झाली, तर त्याला कारण आहे. ते शोधायचे. राखणदाराशी भांडायचे नाही.

कारण पुष्कळदा हिशेबातच असते. इंटरनेटचा डबा, ज्याला राउटर म्हणतात, तो बहुधा १२ व्होल्टवर चालतो. त्याच्या चार्जरवर १ अँपिअर लिहिलेले असते. म्हणजे पुरत्या मागणीला १२ वॅट. दहातला एक भाग बूस्टर खाणार, म्हणजे सेलमधून सव्वातेरा वॅटच्या वर. ३.७ ने भागा. ३.६ अँपिअर येतात. राखणदार तीनच्या आसपास अडवणार! राउटर लावला की पेटी बंद पडते, यात बिघाड काहीच नाही. एका बैलाला दोन बैलांची गाडी जुंपली, एवढेच. तिथे मोठी पेटी हवी.

राखणदाराच्या पुढे बूस्टर. त्याच्या आत येणारा दाब मोजा, बाहेर जाणारा मोजा. आत ३.७ आहे आणि बाहेर ३.४ च्या आसपास, म्हणजे आतल्यापेक्षा किंचित कमी. याचा अर्थ बूस्टर कामच करत नाही. वीज वेटोळ्यातून नुसती वाहून पलीकडे जाते आहे. तुकडा जळला असेल.

पण नव्या पट्टीची गंमत वेगळी आहे. नवी पट्टी आणली, निळ्या डबीचा स्क्रू फिरवला, आणि बाहेरचा दाब हलतच नाही. माणसे दुकानात भांडायला जातात. पट्टी चांगली असते. तो स्क्रू एका फेऱ्याचा नाही, वीस-पंचवीस फेऱ्यांचा आहे. कारखान्यातून येतानाच तो बहुधा एका टोकाला असतो. घड्याळाच्या काट्याच्या उलट बाजूला दहा, पंधरा फेरे द्यावे लागतात, तेव्हा कुठे आकडा हलू लागतो. रहाटाला जसे काही फेरे मोकळे जातात आणि मग दोर ताणतो, तसे.

हे करताना बूस्टरला काही जोडलेले नसावे. नुसते मीटर लावा. ५ व्होल्ट आला की स्क्रूवर नखाला लावायच्या रंगाचा एक थेंब टाका, म्हणजे धक्क्याने तो फिरणार नाही. मगच मोबाइल लावा. ही पट्टी २८ व्होल्टपर्यंत दाब चढवू शकते. न मोजता मोबाइल लावला, तर महिन्याची मजुरी गेलीच म्हणून समजा.

आता एक खरी अडचणीची जात राहिली. सगळीकडे आकडे बरोबर येतात, आणि तरी दिवा टिकत नाही.

आमच्या बंदरावरचे एक तांडेल अशीच पेटी घेऊन आले होते. म्हणाले, "मास्तर, दिवा लागतो नि पाच मिन्टात इझतो. पोरगा म्हणतो, तो राखणदारच काढून टाकूया."

मी म्हटले, "तांडेल, होडी पाणी घ्यायला लागली तर भोक शोधता, की पाणी उपसणाऱ्यालाच उतरवता?"

ते हसले. मी दिवा न जोडता मीटर लावले. सेलवर ३.९, कडेच्या ठिपक्यांवर ३.९, बूस्टरच्या बाहेर १२. सगळे ठाकठीक. मग १२ व्होल्टचा दिवा लावला आणि दिवा चालू असतानाच पुन्हा मोजले. सेलवर ३.७. कडेच्या ठिपक्यांवर ३.६. बूस्टरच्या तोंडाशी मात्र २.९!

"बघा," मी म्हटले, "इथून ३.६ निघाले, आणि चार बोटांवर २.९ पोचले. सात दशांश वाटेत कुणी खाल्ले?"

वाटेत दोनच तारा. एक लाल, एक काळी. मीटरची एक टोचणी लाल तारेच्या या टोकाला आणि दुसरी त्याच तारेच्या त्या टोकाला लावली. ०.६ आले. काळ्या तारेवर ०.१. चोर सापडला. चांगल्या तारेच्या दोन टोकांमध्ये आकडा जवळजवळ शून्य यावा लागतो.

लाल तारेचे वरचे रबर सोलून पाहिले, तर आतले तांबे काळे पडलेले, आणि सांध्यावर हिरवा कळंक. खाऱ्या वाऱ्याचे हे काम. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते, हे बायकांना ठाऊक आहे. तोच कळंक तारेला लागतो. कळंकातून प्रवाह नीट जात नाही. वाटेत दाब पडला, की बूस्टर तो भरून काढायला आणखी प्रवाह ओढतो. आणखी प्रवाह, म्हणून वाटेत आणखी दाब पडतो. सांधा तापत जातो आणि शेवटी बूस्टरला पुरेसा दाबच मिळत नाही. त्याला निदान दोन व्होल्ट तरी लागतात. दिवा विझतो.

म्हणून सांगतो, दोन वेळा मोजा. एकदा भार नसताना, एकदा भार असताना. पाइपाला बारीकशी भेग असली, तर तोटी बंद असताना कळत नाही.

नवी, जरा जाड तार घेतली. जुना सांधा स्पिरिटने पुसला आणि सोल्डर केले. सोल्डर म्हणजे कल्हईचाच भाऊ. कल्हईला कथील वापरतात, सोल्डरमध्येही कथील असते. फरक एवढाच, की कल्हईवाला नवसागर टाकतो, आणि इथे नवसागर किंवा आम्लाचे मलम चालत नाही. ते मागे राहते आणि तार खात बसते. इथे राळ वापरायची. सोल्डरच्या तारेच्या पोटात ती बहुधा भरलेलीच असते. सांधा चकचकीत आणि पसरलेला दिसला पाहिजे. मण्यासारखा गोल, वर बसलेला थेंब दिसला तर सांधा कच्चा. पण उघड्या सेलच्या टोकांवर घरी सोल्डर करू नका. त्या उष्णतेने सेल आतून खराब होतो. सेलसाठी स्प्रिंगचे घर मिळते, ते वापरा.

पुन्हा भार लावून मोजले. बूस्टरच्या तोंडाशी ३.५. तांडेलांचा दिवा अर्धा तास आमच्या पडवीत जळत ठेवला, मग ते घेऊन गेले.

आता सेलविषयी. पट्टी जळली तर पन्नास-शंभर रुपयांत काम भागते. सेल बिघडला तर घराला धोका असतो, म्हणून इथे काटकसर नको.

फुगलेला सेल, गोड उग्र वास येणारा सेल, वरचे वेष्टण फाटलेला सेल, काही न करता तापणारा सेल, हे चारही पेटीत नकोत. मीटरवर दोन व्होल्टच्या खाली गेलेला आणि तसाच महिनोन्‌महिने पडून राहिलेला सेलही नको. अशा सेलला दुसऱ्या सेलचा झटका देऊन उठवण्याची युक्ती पुष्कळांना माहीत असते. तो उठतो, हे खरे. पण आत तांब्याचे बारीक कण साठलेले असू शकतात. ते आतल्या आत अधिक आणि वजा जोडून टाकतात. भरताना केव्हा पेटेल याचा नेम नसतो. ओंजळभर पैशांसाठी हा जुगार कशाला?

सेल उलटा बसवला तर पट्टी धूर सोडते. बसवण्याआधी अधिक कोणते ते मीटरने बघा. आकड्यामागे वजाची खूण आली, म्हणजे तारा उलट्या धरल्या आहेत. दोन सेल एकामागे एक जोडून या पट्टीवर भरू नका. ती एकाच सेलच्या दाबासाठी आहे. आणि वेष्टणावर ९९०० असा आकडा असलेला सेल घेऊ नका. १८६५० आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंतच मावतात. शेराच्या मापात तीन शेर दूध भरून देतो म्हणणाऱ्या गवळ्याला तुम्ही काय म्हणाल?

खेळण्यातला किंवा जुन्या साध्या मोबाइलचा चपटा सेल लहान असतो. पाचशे मिलिअँपिअर-तासांच्या सेलला एका अँपिअरने भरणे म्हणजे तान्ह्या मुलाला मोठ्या माणसाचा घास देणे. पट्टीवर एक बारीक अवरोधक प्रवाह ठरवतो. १२०० ओहमचा असला तर १ अँपिअर, २००० ओहमचा असला तर सहाशे मिलिअँपिअरच्या थोडा खाली. लहान सेलसाठी तो जाणकाराकडून बदलून घ्यावा.

पेटी उशीखाली, गादीवर, पेंढ्याजवळ, सोडणांच्या ढिगाजवळ भरायला ठेवू नका. चिऱ्याच्या कोनाड्यात किंवा फरशीवर ठेवा. सेल फुसफुसू लागला, धूर दिसला, तर चार्जर भिंतीतून बंद करा आणि माणसांना बाहेर काढा. तो धूर छातीत जाऊ देऊ नये. सेल अजून पेटला नसेल आणि फावड्याने उचलता येत असेल, तरच वाळूच्या घमेल्यातून मोकळ्या खळ्यात न्यावा. हाताने धरू नये.

निकामी सेल परसात पुरू नका, चुलीत टाकू नका, भंगारवाल्याकडच्या लोखंडात मिसळू नका. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि बॅटरी विकणाऱ्या किंवा गोळा करणाऱ्याकडे द्या. २०२२ सालच्या सरकारी नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

वैशाखात, पाऊस लागण्याआधी, पेटी एकदा उघडून बघावी. स्प्रिंग, सांधे, स्क्रू बघावेत. दिवा लावून, भार असताना, चार ठिकाणचे दाब मोजावेत आणि ते आकडे डब्याच्या झाकणाच्या आत तारखेसह लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी कुठला आकडा घसरला, ते लगेच कळते. पेटी बरेच दिवस वापरायची नसेल तर पुरी भरून किंवा पुरी रिकामी ठेवू नये. ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी बघावी.

हिशेब करा: एका दिव्याला ५ व्होल्टने अर्धा अँपिअर लागतो. बूस्टर दहातला एक भाग खातो. सेलचा दाब सरासरी ३.७ व्होल्ट धरा, आणि सेल २४०० मिलिअँपिअर-तासांचा आहे. आधी दिव्याचे वॅट काढा, मग सेलमधून किती अँपिअर जातात ते काढा, मग दिवा किती तास जळेल ते काढा. उत्तर तीन तासांच्या थोडे पुढे यायला हवे. आल्यावर आपल्या पेटीवर घड्याळ लावून पडताळून बघा.